जुना लॅपटॉप हळू झालाय: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ साली घेतलेला लॅपटॉप, चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यावर चहा करून पिऊन होतो तरी डेस्कटॉप हाताला येत नाही, क्रोम उघडलं की सगळं अडकतं. दोनदा फॉरमॅट मारून झालं, ‘क्लीनर’ही टाकून पाहिला. आता एक दुकानदार म्हणतो विंडोज ७ टाकून देतो, दुसरा म्हणतो भंगारात द्या आणि नवीन घ्या. घरात मुलीचा अभ्यास, बाबांचं मराठी टायपिंग आणि दुकानाच्या जीएसटीचं थोडं काम आहे.

उत्तर आधी सांगतो. हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी, फिरणारा भाग नसलेली डिस्क) बसवा, जागा असेल तर रॅम ८ जीबी करा आणि विंडोज १० कोऱ्या एसएसडीवर नव्याने टाका. दोन्ही दुकानदारांचं ऐकू नका. पण पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटं एक तपासणी करा, कारण मशीन हळू होण्याची कारणं मोजकी असतात आणि त्यातलं एकच बहुतेक वेळा गळा आवळत असतं. ते सोडून बाकी सगळं साफसूफ करत बसलं तर फरक पडत नाही. तुमच्या दोन फॉरमॅटचं तेच झालंय.

लॅपटॉप चालू करून पाच मिनिटं थांबा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तिन्ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी, डिस्क असे आलेख दिसतात. तुम्ही काहीही न करता डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आहे, खाली वाचन-लेखनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी दाखवतोय आणि सीपीयू १०-१५ टक्क्यांवर निवांत आहे, असं चित्र दिसलं तर दोषी कोण ते कळलं. या वयाच्या, फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनमध्ये मला जवळजवळ नेहमी हेच दिसतं.

डिस्क १०० टक्के आणि वेग एक एमबी, हे कसं काय? लॅपटॉपमधली हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. ते झाले साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावं लागतं, त्याचे आणखी दहा-बारा. म्हणजे इथे-तिथे विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या असतील तर ही डिस्क सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर ठिकाणी पोचते, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली लागतात. त्यातच अपडेट तपासणारा, अँटिव्हायरस आणि शोधसूची बनवणारा प्रोग्राम एकाच वेळी तिला हाका मारतात. मोठा सिनेमा कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला ८०-१०० एमबी देते, म्हणून ती बिघडलेली वाटत नाही. एसएसडीत फिरणारं काही नसतं. कुठलीही जागा वाचायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. प्रोसेसर तोच ठेवूनही मशीन नवं वाटतं ते या फरकामुळे.

विंडोज ७ च्या काळात हीच हार्ड डिस्क चालून जायची, कारण मागे चालणारी कामं कमी होती. म्हणून दुकानदार ते टाकून देतो म्हणतात. पण विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९ क्रमांकाचं आहे. त्यावर बँकेचं किंवा जीएसटीचं काम करू नका. आणखी एक वाईट सवय म्हणजे ४ जीबी रॅम पाहून ३२-बिट विंडोज टाकून देणं. त्यात ४ जीबीतले साडेतीनच्या आसपासच वापरात येतात आणि पुढे रॅम वाढवली तरी उपयोग शून्य. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट या पानावर ६४-बिट लिहिलंय का ते बघून घ्या.

आता मेमरीचा आलेख. विंडोज १० नुसतं उभं राहायला दोनेक जीबी घेतं, थोडी रॅम ग्राफिक्ससाठी बाजूला जाते आणि उरलेल्यात क्रोमचे पाच-सहा टॅब मावत नाहीत. मग विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकायला लागतं. म्हणजे रॅम कमी पडली की बोजा पुन्हा त्याच बिचाऱ्या हार्ड डिस्कवर. म्हणून दोन्हीसाठी पैसे नसतील तर आधी एसएसडी घ्या. ४ जीबी रॅम आणि एसएसडी ही जोडी कुरकुरत का होईना चालते. ८ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क ही जोडी सकाळी चालू करताना तुम्हाला पूर्वीइतकंच छळेल. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती बऱ्याच चढल्या आहेत, त्यामुळे रॅमसाठी चार दुकानांत भाव विचारा. घरातल्या कुणाचा तसाच बंद पडलेला लॅपटॉप असेल तर त्यातली रॅमची पट्टी चालते का हेही बघा.

रॅमचा प्रकार चुकवू नका. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, पण माझा त्यावर पूर्ण विश्वास नाही. खालचं झाकण उघडून बघणं बरं. काही लॅपटॉपमध्ये ४ जीबी मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते आणि एक स्लॉट मोकळा असतो. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते, शेवटचा ‘एल’ महत्त्वाचा. ती १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर. खाच एकाच जागी असल्यामुळे साधी पट्टी बसते, पण मशीन चालूच होत नाही आणि मग लोकांना वाटतं स्लॉट गेला. डीडीआर४ ची खाच वेगळी असल्याने ती बसतच नाही. डेस्कटॉपची लांब पट्टी लॅपटॉपला चालत नाही, हे सांगायची गरज नसावी, पण तशी घेऊन येणारे भेटतात.

सीपीयूचा आलेखही नीट बघा, त्यातली एक गोष्ट फार लोकांच्या नजरेतून सुटते. आलेखाखाली वेग गिगाहर्ट्झमध्ये दाखवलेला असतो. काम चालू असतानाही तो ०.७८ किंवा ०.७९ वर खिळलेला असेल आणि तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग १.७ असेल, तर मशीनला कुणीतरी वेसण घातली आहे. पहिला संशय चार्जरवर घ्या. काही लॅपटॉप आपला मूळ चार्जर ओळखतात. रस्त्यावरचा डुप्लिकेट लावला किंवा पिनमधली मधली बारीक तार तुटली की बॅटरी चार्ज करणं थांबवतात आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतात. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा. वेग वाढला तर दोष चार्जरचा. दुसरा संशय पॉवर प्लॅनवर (विंडोजमधली वीज वापराची सेटिंग), कारण कुणीतरी कधीतरी बॅटरी वाचवायला प्रोसेसरची कमाल मर्यादा कमी करून ठेवलेली असते. तिसरं कारण उष्णता.

दहा वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीवर धुळीची अक्षरशः गादी बसलेली असते. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सुरुवातीची दहा मिनिटं ठीक, मग पंख्याचा आवाज वाढतो आणि मशीन रेंगाळायला लागतं, हे त्याचं लक्षण. पंखा साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने तो गरगरा फिरला तर बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्युम क्लीनर वापरू नका. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढलाच तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, डाळीच्या दाण्याएवढी पुरते. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून बसवा. दमटपणामुळे त्यांच्यावर थर येतो आणि मशीन अधूनमधून अडकतं. झाकण उघडलंच आहे तर बॅटरीकडेही बघा. ती फुगलेली असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर वेगाचं नंतर बघू, आधी ती बॅटरी बाहेर काढायला लावा.

एसएसडी घेताना दुकानात गोंधळ होतो. तुमच्या लॅपटॉपला अडीच इंची साटा (हार्ड डिस्कचीच जोडणी) एसएसडी लागेल, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी तेच स्क्रू लावून बसते. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई एसएसडी फार वेगवान असते हे खरं, पण २०१५ च्या साध्या लॅपटॉपमध्ये तिची जागा बहुधा नसतेच. साटाची वरची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी आहे, त्यामुळे महागातली साटा एसएसडी घेऊन वेग वाढणार नाही. पैसे द्यायचे ते आकारमानासाठी आणि वॉरंटीसाठी. २५० जीबी पुरते, फोटो जास्त असतील तर ५०० घ्या. पक्कं बिल घ्या, किमान तीन वर्षांची वॉरंटी असलेल्या नावाजलेल्या कंपनीची घ्या. पुण्याच्या टापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नाव न ऐकलेली, निम्म्या भावाची ‘१ टीबी’ दिसली तर पुढे चालू लागा. आतमध्ये त्याच्या पावपटही चिप नसते, आणि ते कळतं ती भरायला लागल्यावर.

खरं काम आहे डेटा सांभाळण्याचं. जुनी हार्ड डिस्क काढण्याआधी तिची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने बघा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे मूळ आकडे शून्य असतील तर ठीक. सी५ शून्याच्या वर असेल तर डिस्कचे काही तुकडे वाचताच येत नाहीयेत. अशा वेळी बाकी सगळं थांबवून आधी फोटो आणि हिशोब दुसरीकडे उतरवा. टिकटिक असा आवाज येत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

कॉपी करताना लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतात आणि बाकी विसरतात. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, हिशोबाच्या प्रोग्रामचं डेटा फोल्डर, डाउनलोड्समध्ये पडलेली चलनं, हे सगळं घ्या. बाबांच्या टायपिंगचा प्रश्न तर वेगळाच आहे. ते श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत असतील तर फॉन्ट आणि त्याच्या परवान्याशिवाय त्या फायली नव्या विंडोजवर अगम्य अक्षरांसारख्या दिसतील. इन्स्टॉलेशनची सीडी किंवा डोंगल कुठे आहे ते आज शोधा, विंडोज टाकल्यावर नाही. नवं लिखाण युनिकोडमध्ये करायला ते तयार झाले तर फारच छान. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा ध्वनीनुसार टाइप करायचा कीबोर्ड आयताच आहे.

जुनी विंडोज जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करता येते. पण दहा वर्षांचा कचरा क्लोन करण्यात अर्थ नाही, तुमच्या बाबतीत मी नव्यानेच टाकेन. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० बनवा. लायसन्ससाठी कुणाला पैसे देऊ नका. लॅपटॉपसोबत विंडोज आली असेल तर तिची नोंद मदरबोर्डशी बांधलेली असते, नेट जोडलं की आपोआप सक्रिय होते. मात्र आवृत्ती तीच हवी. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असते, आणि दुकानदार सवयीने ‘प्रो’ टाकतो. मग ती सक्रिय होत नाही, आणि ‘क्रॅक’ (परवाना चुकवून विंडोज सक्रिय करणारा प्रोग्राम) मारला जातो. हा क्रॅक बऱ्याचदा विंडोजच्या अँटिव्हायरसला आपल्या फोल्डरकडे दुर्लक्ष करायला सांगतो. त्या फोल्डरमध्ये पुढे काय येऊन बसेल याची खात्री कोण देणार?

नव्या विंडोजवर कमीत कमी गोष्टी टाका. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. दोन अँटिव्हायरस तर अजिबात नकोत, प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत जे रोज लागत नाही ते बंद करा, प्रिंटरचा मदतनीस आणि मीटिंगची ॲप्स तिथे हमखास असतात. क्रोममध्ये मेमरी सेव्हर चालू ठेवा आणि मुलीच्या प्रोफाइलमध्ये कोणकोणती एक्स्टेन्शन्स आहेत ते एकदा बघा.

क्लीनर, रजिस्ट्री दुरुस्त करणारे, ड्रायव्हर शोधून देणारे आणि रॅम मोकळी करणारे प्रोग्राम, यांपैकी काहीही टाकू नका. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामना मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. रॅम मोकळी करणारा प्रोग्राम तोच मजकूर डिस्कवर ढकलतो आणि दोन मिनिटांनी तो परत आणावा लागतो. डीफ्रॅगही (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) हाताने करू नका. विंडोज स्वतः एसएसडी ओळखून तिच्यासाठी वेगळी देखभाल करते.

मुलीच्या अभ्यासाचे व्हिडिओ अडखळत असतील तर एसएसडी बसवूनही ते थोडे अडखळतील, हे आधीच सांगतो. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने दाबून लहान करून पाठवतं. व्हीपी९ उलगडायची पूर्ण सोय इंटेलने सातव्या पिढीच्या चिपमध्ये दिली, तुमच्या चिपमध्ये ते ओझं थेट प्रोसेसरवर पडतं. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब जुन्या एच.२६४ पद्धतीने व्हिडिओ देतं, आणि ते काम तुमची ग्राफिक्स चिप सहज करते. किंवा सरळ ४८० वर बघा, फळ्यावरचं नीट वाचता येतं.

विंडोज १० चं काय, हा प्रश्न उरतोच. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत. नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावर असतो. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढच्या इंटेल प्रोसेसरवरच चालतं. आडमार्गाने ते तुमच्या मशीनवर टाकता येतं, दुकानदार टाकूनही देतील. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही, म्हणून जिथे पैशांचे व्यवहार होतात तिथे मी ते टाकत नाही.

पुढचा रस्ता लिनक्सचा. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीवरही बरी चालते, आणि पेनड्राइव्हवरून काहीही न पुसता चालवून बघता येते. मुलीचा अभ्यास, मेल, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टायपिंग, सगळं होतं. जीएसटीचं बघायचं तर दुकान एकट्याच्या मालकीचं असेल आणि तुम्ही ओटीपीने सही करत असाल तर ब्राउझरमधून जमतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचं टोकन लागतं, तिथे विंडोज सोडू नका. जीएसटीचं ऑफलाइन टूल, टॅली आणि श्रीलिपी यांनाही विंडोजच लागते.

एवढा खर्च करूच नये अशाही मशीन असतात. ३२ जीबीचं स्टोरेज बोर्डवरच चिकटवलेले स्वस्त छोटे लॅपटॉप, ॲटम किंवा जुन्या सेलेरॉन प्रोसेसरवाले, बिजागरी तुटून स्क्रीनची वायर कापलेले, मदरबोर्ड एकदा दुरुस्त झालेले. तिथे एसएसडीचे पैसे बाजूला ठेवा आणि कंपन्यांमधून निघालेला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा सेकंडहँड लॅपटॉप बघा. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, आणि नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा त्याचा सांगाडा बहुतेक वेळा दणकट असतो. तुमचा आय-३ मात्र या यादीत नाही.

काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. तब्येत चांगली असेल तर यूएसबीची केस घेऊन तिच्यात बसवा आणि महिन्यातून एकदा फोटो आणि हिशोब तिच्यावर उतरवा. एसएसडी जाते तेव्हा आधी टिकटिक करत नाही, एका सकाळी दिसेनाशी होते आणि त्यातून डेटा परत काढणं अवघड असतं. डिस्क विकायची किंवा ई-कचऱ्यात द्यायची असेल तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, आधार-पॅनचे स्कॅन साध्या प्रोग्रामनेही परत निघतात. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. त्यात सगळ्या जागी शून्यं लिहिली जातात, १ टीबीला काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा.